उजव्या हाताला डोंगर

पेरूमधील वायवाश ही पर्वतरांग लांबीने जेमतेम तीस किलोमीटर भरते. पुण्याहून निघालो तर तळेगाव येईपर्यंत ती संपेल. मात्र तेवढ्या अंतरात ६,००० मीटरहून उंच अशी सहा शिखरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांतले येरुपाहा, सुमारे ६,६०० मीटर उंचीचे, वास्कारानखालोखाल त्या देशातील सर्वांत उंच शिखर आहे. या रांगेभोवती एक पायवाट फिरते. वायव्येकडील यामाक गावातून निघायचे, उत्तरेकडची खिंड ओलांडून पूर्वेला उतरायचे, तळ्यांच्या काठाकाठाने दक्षिणेला जायचे आणि पश्चिमेच्या अंगाने पुन्हा यामाकला यायचे, असा हा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा असून वाटेतल्या बहुतेक खिंडी साडेचार हजार मीटरच्या वर आहेत. या दिशेने चालले की डोंगर सतत उजव्या हाताला राहतो. नकाशा पहिल्यांदा पसरला तेव्हा माझ्या पत्नीने बोटाने वाट गिरवली आणि म्हणाली, "अरे, ही तर प्रदक्षिणा आहे." त्यानंतर दुसऱ्या कुठल्या वाटेचा विचार आमच्या घरात झाला नाही.

हिमालयात आम्ही याआधी दोनदा गेलो होतो. पण तिथे सामान खेचरांवर असे, तंबू आधीच लागलेला असे आणि सकाळी सहाला कुणीतरी तंबूच्या दाराशी चहा आणून देत असे. वायवाशलाही गाढवे, गाढववाला आणि स्वयंपाकी मिळतात आणि पुष्कळ लोक तसेच जातात. आपण मात्र सगळे पाठीवर घेऊन दोघांनीच जायचे, असे आम्ही ठरवले. यात पैसे वाचवण्याचा भाग होता हे खरे, पण चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाला स्वतःविषयी काहीतरी सिद्ध करायचे होते, हेही तितकेच खरे. वीस वर्षे सह्याद्रीत भटकल्याची घमेंड गाठीशी होती. सहा महिने दर रविवारी पाठीवर पंधरा किलोचे ओझे घेऊन आम्ही सिंहगड चढत होतो. त्या ओझ्यात पाण्याच्या बाटल्या आणि जुने दिवाळी अंक असत. दम वाढला, पोटऱ्या टणक झाल्या, वजनही चार किलोंनी उतरले. परंतु महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आणि आम्ही ज्या तळ्यांकाठी झोपणार होतो ती त्याच्या अडीचपट उंचीवर. त्या उंचीची तालीम आपल्याकडे करता येत नाही.

कागदपत्रांचे काम वाटले त्यापेक्षा सोपे निघाले. आमच्या पासपोर्टांवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे पेरूसाठी वेगळा व्हिसा लागला नाही. भारतीयांना ही सवलत २०१७ पासून आहे. पेरू पीतज्वराच्या देशांत मोडतो, म्हणून परत येताना भारतात लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो आणि तो लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र आम्हाला हवे होते. पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा असल्याने इथून नेले नाही, तिकडेच भाड्याने घेतले.

निघण्यापूर्वी आम्ही दोन नियम लिहून काढले. पहिला असा, की दोघांपैकी कुणीही "थांबूया" किंवा "परत फिरूया" म्हटले तर दुसऱ्याने कारण विचारायचे नाही. दुसरा पत्नीने सुचवला. उंचीचा त्रास मोजण्यासाठी लेक लुईस या नावाची एक साधी प्रश्नावली वापरतात. डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर या चारांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोके दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा अधिक झाली तर उंची बाधली असे समजायचे, सहा किंवा अधिक झाली तर गांभीर्याने घ्यायचे. हे चार प्रश्न तिने पुठ्ठ्याच्या एका कार्डावर लिहिले आणि रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचे ठरले. ती बँकेत लेखापरीक्षणाचे काम करते, एवढे सांगितले म्हणजे कार्डाच्या मागच्या बाजूला तारखांचे रकाने का होते ते कळेल.

नकाशावर हुआराझ असे वाचले जाणारे गाव स्थानिक लोकांच्या तोंडी ‘वारास’ असते, कारण स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘ह’ मूक राहतो. लिमाहून तिथे जाणारी बस समुद्रकाठावरून निघते, आठ तासांच्या प्रवासात कोनोकोचा तळ्याच्या सुमारे ४,१०० मीटर उंच पठारावर चढते आणि मग ३,०५० मीटरवरच्या वारासला उतरते. १९७० साली ३१ मेच्या भूकंपात हे गाव जवळजवळ सपाट झाले होते आणि त्याच दिवशी वास्कारानवरून सुटलेल्या बर्फ-दगडांच्या लोंढ्याने उत्तरेचे युंगाय गाव गाडून टाकले. आजचे वारास म्हणूनच विटा-सिमेंटचे, घाईने बांधल्यासारखे दिसते. दिसायला ते सुंदर नाही. पण त्याच्या बाजारात आम्ही दोन पूर्ण सकाळी घालवल्या आणि त्या मला डोंगराइतक्याच आठवतात.

झाले असे, की भारतातून आम्ही भाजलेल्या रव्याचा उपमा, मेतकूट आणि दाण्याची चटणी एवढेच आणले होते आणि बाकीचे तिथे घ्यायचे होते. धान्याच्या गल्लीत एका बाईपुढे पिवळट-करड्या पिठाचे पोते होते. चिमूटभर तोंडात टाकले आणि मी चमकलो. ते भाजलेल्या सातूचे पीठ होते, आपल्याकडे उन्हाळ्यात गूळ-पाण्यात कालवतात तेच. तिकडे त्याला माचिका म्हणतात. शेजारच्या गाळ्यावर चंकाका नावाच्या उसाच्या तपकिरी ढेपा होत्या. तो आपला गूळच. फुटाण्यांच्या जागी भाजलेले मोठे घेवड्यासारखे दाणे मिळाले, लाह्यांच्या जागी कांचा नावाचा खारवलेला भाजका मका. मनात उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचा हिशोब मांडून पाहिला, तर साबुदाण्याचा कंद, दाणे, बटाटा आणि मिरची हे चारही मूळचे याच खंडांकडचे. तूप-जिरे तेवढे आपले. पत्नीने मात्र ताणकाट्याने पिशव्या तोलायला सुरुवात केली होती. माणशी रोज सहाशे ग्रॅम, दोघांचे दहा दिवसांचे बारा किलो, त्यावर एक रुपयाचाही चिवडा नाही, असा तिचा निकाल होता.

गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, ते वारासमध्ये घेतले. शिजवण्याच्या पदार्थांबाबत एक गोष्ट सांगायला हवी. सव्वाचार हजार मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांना उकळते. भांड्यात खळखळाट दिसतो, पण डाळ तासाभरानेही दाताखाली कडकच राहते. म्हणून न शिजवता, नुसते गरम पाणी ओतून खाता येईल असेच अन्न न्यावे. सातू-गूळ त्यात सर्वांत उपयोगी ठरला. सकाळी बोटे गारठलेली असताना स्टोव्ह पेटवण्याचेही काम नव्हते. निघताना माझी पाठपिशवी अठरा किलोंची झाली, तिची चौदाची. तंबू, गॅस आणि भांडी मी हट्टाने माझ्याकडे घेतली होती.

आता चुकीकडे येतो. वारासमध्ये आम्ही पाच रात्री राहिलो, विल्काकोचा आणि चुरुप या तळ्यांवर जाऊन आलो. चुरुप सुमारे ४,४५० मीटरवर आहे आणि तिथे मला काहीही झाले नाही. वास्तविक दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला महत्त्व असते आणि तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हे मी स्वतः तिला वाचून दाखवले होते. पत्नीचे म्हणणे असे, की पहिली रात्र सव्वातीन हजारांवरच्या यामाकला काढावी. मी म्हणालो, एक दिवस फुकट जाईल, आपण फिट आहोत, चुरुपला काय झाले? परिणामी पहाटेची बस, चिकियानला दुसरी गाडी, यामाक, पोक्पा, मग कच्च्या रस्त्याने दुपारभर पायपीट करून आम्ही क्वार्तेलवाइनला पोहोचलो आणि ४,१७० मीटरवर झोपलो. एका रात्रीत अकराशे मीटरची उडी. त्या संध्याकाळी कार्ड पुढे आले तेव्हा मी डोकेदुखीला एक गुण दिला. खरे म्हणजे दोन द्यायला हवे होते.

वाटेवरच्या गावांच्या पंचायतींसारख्या समित्या प्रत्येक हद्दीत शुल्क घेतात आणि पावती देतात. पैसे रोख आणि सुटे लागतात, पावत्या शेवटपर्यंत जपाव्या लागतात. अशा पहिल्याच नाक्यावर एका म्हाताऱ्याने आमच्या मागे वाकून पाहिले आणि विचारले, "गाढव कुठे आहे?" पत्नीने शांतपणे माझ्याकडे बोट दाखवले. म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. पुढचे दहा दिवस हा प्रश्न आम्हाला रोज कुणी ना कुणी विचारला.

दुसऱ्या दिवशी काकानानपुंता ही सुमारे ४,७०० मीटरची खिंड चढलो. चढ लांब असला तरी वाट चांगली आहे. सावकाश गेले तर त्रासदायक नाही. तिथे पोहोचल्यावर मात्र मी बराच वेळ बसून राहिलो, कारण ही खिंड जलविभाजकावर आहे. मागे ज्या ओढ्याकाठी तंबू लावला होता त्याचे पाणी पातिविल्का नदीतून पॅसिफिकला जाते, शंभर-दीडशे किलोमीटरचा उतार. पुढच्या उतारावर वितळणारा बर्फ मारान्योन नदीला मिळतो, तिथून अॅमेझॉनमध्ये आणि सबंध खंड ओलांडून अटलांटिकला. भीमाशंकरच्या कड्यावर पाय सोडून बसले की पुढ्यातला पाऊस अरबी समुद्राला आणि पाठीमागचा बंगालच्या उपसागराला, हे लहानपणापासून ऐकलेले असल्याने ही जागा मला ओळखीची वाटली. तेवढ्यात डोक्यात घण बसू लागले. पत्नी फोटो काढत असताना मी पिशवीच्या वरच्या कप्प्यातून वेदनाशामक गोळी काढून गिळली. ती तिसरी होती.

मितुकोचाच्या दलदली कुरणात रात्र गेली. पाणी सकाळी बाटलीत गोठले होते. तिसऱ्या दिवशी आणखी एक खिंड ओलांडून कार्वाकोचाला उतरलो. ‘कोचा’ म्हणजे केचुआ भाषेत तळे. हे तळे ४,१४० मीटरवर आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठावरून हिरिशांका, येरुपाहा आणि स्युला ग्रांदे यांच्या बर्फाच्या भिंती सरळ वर जातात. तंबू लावताना खुंटी ठोकायला वाकलो आणि ओकारी आली. सकाळपासून पोटात काही नव्हते, त्यामुळे बाहेरही काही आले नाही. मी म्हटले, उन्हाने झाले असेल.

पत्नीने वाद घातला नाही. तिने तंबू एकटीने लावला, मला आत बसवले, कार्ड काढले आणि प्रश्न विचारले. मी उत्तरे दिली, बेरीज तीन झाली. मग तिने माझ्या पिशवीचा वरचा कप्पा उघडला, गोळ्यांची पट्टी बाहेर काढली आणि विजेरीच्या उजेडात रिकामे खळगे मोजले. सात होते. "वारासला निघताना ही पट्टी अखंड होती," ती म्हणाली. "आता पुन्हा विचारते." दुसऱ्यांदा बेरीज सहा आली. सोळा वर्षांच्या संसारात तिचा माझ्यावर आवाज चढल्याचे मला कितीतरी प्रसंगी आठवते, पण त्या रात्री तिचा आवाज चढला नाही आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. तिने मला बूट घालून बाहेर काढले आणि गवतावर सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत, वीस पावले चालायला लावले. मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा तोल या चाचणीत जातो. तसे झाले असते तर अंधारातच पूर्वेला केरोपाल्का गावाकडे उतरायचे, असे तिने नकाशावर आधीच पाहून ठेवले होते. माझी पावले सरळ पडली. ठरले ते असे, की त्रास पूर्ण थांबेपर्यंत एक मीटरही वर चढायचे नाही, डॉक्टरांनी दिलेली उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळी सुरू करायची, वेदनाशामक तिच्याकडे राहील आणि रात्रीत बिघडले तर खाली. खोकला किंवा श्वासाला घरघर आली तर त्या उपग्रह-यंत्राचे बटण दाबायचे. पहिला नियम तिने वापरला होता, त्यामुळे मला विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या गोळीने लघवी फार होते आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. नऊच्या सुमारास पहिल्यांदा बाहेर पडलो. पुण्यातून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजालगत मित्र आणि मित्रक हे दोन तारे जेमतेम दिसतात. इथे ते बरेच वर होते, त्रिशंकू त्यांच्या उजवीकडे कललेला. इथले जुने लोक आकाशगंगेतल्या ताऱ्यांइतकेच मधल्या काळ्या पट्ट्यांचेही आकार पाहत आले आहेत. त्यांतला एक आकार लामा या उंटासारख्या प्राण्याचा असून मित्र-मित्रक हे त्याचे डोळे, असे मी वाचले होते. एरवी मला तो सापडला नसता. त्या थंडीत, कानटोपी सारखी करत, तो लामा मला मान आणि पायांसकट स्पष्ट दिसला. नंतर रात्रीतून आणखी तीनदा उठावे लागले, त्या वेळी आकाशाकडे पाहण्याचे त्राण नव्हते.

पुढचा दिवस सक्तीच्या विश्रांतीचा. सकाळी सहाला समोरच्या सगळ्या भिंती एकदम केशरी झाल्या. तळे रांगेच्या पूर्वेला असल्याने पहिले ऊन थेट त्यांच्यावर पडते. आमच्या तंबूवर ते उत्तरेकडच्या अंगाने सरकत आले. जुलैत इथे सूर्य दुपारीही उत्तरेकडे राहतो, त्यामुळे सह्याद्रीत मुरलेली दिशांची सवय उलटी चालवावी लागते आणि मी दोनदा सावली पाहून चुकलो. तळ्याकाठी दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली दोन-तीन घरे आहेत. तिथली एक घरधनीण मेंढ्या सोडून आमच्याकडे डोकावली, माझ्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता परत गेली आणि थोड्या वेळाने किटलीत मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या वासाच्या पाल्याचा काढा घेऊन आली. औषध म्हणून त्याचा किती उपयोग झाला हे मी सांगू शकत नाही, पण दोन दिवसांनी पोटात राहिलेला तो पहिला पदार्थ होता. दुपारभर त्या दोघी चाळीस स्पॅनिश वाक्यांच्या भांडवलावर बोलत बसल्या. मी ऐकत पडलो होतो. मधूनमधून पलीकडच्या हिमनदीचा कडा सुटून गडगडाट होत असे. तो आवाज आभाळातून आल्यासारखा वाटतो आणि दर वेळी माझी मान वर जाई, त्या बाईची मात्र एकदाही वर गेली नाही.

संध्याकाळी बेरीज दोन झाली, पुढच्या पहाटे शून्य. निघण्यापूर्वी पत्नीने दोन्ही पिशव्या पूर्ण रिकाम्या करून पुन्हा भरल्या. तंबू आणि गॅस तिच्याकडे गेले. तिची सोळा किलोंची झाली, माझी तेराची, कारण तीन दिवसांचे अन्न संपले होते. मी विरोध केला नाही, असे लिहिले तर खोटे होईल. परंतु विरोध दोन वाक्यांत आटोपला.

पुढचा टप्पा, स्युला पुंता, हा साऱ्या वाटेतला सर्वांत देखणा आणि माझ्या मते सर्वांत अवघडही. खिंड सुमारे ४,८३० मीटरवर आहे आणि शेवटचा चढ घसरड्या मातीचा, उभा. आम्ही पन्नास पावले आणि थांबा, मग तीस पावले आणि थांबा, असे गेलो. ती पुढे राहून मुद्दाम इतकी सावकाश चालत होती की मला नाकाने श्वास घेता यावा. तोंडाने घ्यावा लागला की मी काठी दगडावर आपटायची आणि तिने थांबायचे, ही खूण ठरली होती. अर्ध्या चढावरून मागे पाहिले तर हिमनद्यांच्या पायथ्याशी एकाखाली एक तीन तळी, दोन हिरवट निळी, एक दुधासारखी. त्या जागी गाढवांसह आलेल्या एका मोठ्या गटाने आम्हाला गाठले आणि वीस मिनिटांत मागे टाकले. आठवडाभरापूर्वी मला ते झोंबले असते.

वायवाश याच नावाचा मुक्कामाचा तळ, दुसऱ्या दिवशीची पोर्ताच्वेलो खिंड आणि तिथून जलविभाजक पुन्हा ओलांडून पॅसिफिकच्या बाजूला उतरणे, यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. रुंद दऱ्या, इचू गवताचे झुबके, पाठीवर वारा. मेंढपाळांची कुत्री अंगावर येत. वाकून दगड उचलण्याचा नुसता आविर्भाव केला की ती थबकत. ही भाषा मावळातल्या कुत्र्यांनाही कळते. बांध घातलेल्या विकोंगा तळ्याच्या खाली गरम पाण्याची कुंडे आहेत. सहा दिवसांच्या घामानंतर त्या पाण्यात उतरलो आणि बाहेर पडायचे धैर्य दोन तास झाले नाही. पत्नीच्या पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडले होते, ते तिने तिथे पहिल्यांदा दाखवले. मी म्हटले, आणि हे कार्डावर का नाही? ती म्हणाली, कार्डावर नखाचा रकाना नाही.

सातव्या दिवशी कुयोक खिंड, सुमारे ५,००० मीटर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. पहाटे पाचला निघून नऊच्या सुमारास वर पोहोचलो, डोके शांत होते. मूळ बेत असा होता, की तिथून आणखी एक तितकीच उंच सान अंतोनियो खिंड चढायची आणि स्युला ग्रांदेची पश्चिमेची बाजू पाहायची. १९८५ साली जो सिम्प्सन आणि सायमन येट्स हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक त्याच बाजूने चढले होते. उतरताना सिम्प्सनचा पाय मोडला. दोराला लटकलेल्या जोडीदाराच्या ओझ्याने स्वतःही खेचले जाणार हे दिसल्यावर येट्सने दोर कापला आणि हिमनदीच्या कपारीत पडलेला सिम्प्सन तिथून सुटून खुरडत, सरपटत तळावर पोहोचला. ती दरी पाहण्याची मला कॉलेजपासूनची इच्छा होती. परंतु खिंड खडी होती, तिचा अंगठा सुजलेला होता आणि अन्न एक दिवसाने कमी पडत होते. या वेळी "नको" मी म्हणालो. तिने नियमाप्रमाणे कारण विचारले नाही, मात्र खाली उतरताना बऱ्याच वेळाने म्हणाली, "आपल्याकडे दोर नाही तेच बरे."

वाय्यापा गाव ३,६०० मीटरवर आहे. तिथवरचा उतार गुडघ्यांची परीक्षा पाहणारा आहे, पण गावात शिरताना हवेत इतका प्राणवायू होता की मला चक्क गावेसे वाटले. फुटबॉलच्या मैदानात तंबू लावला. दुकानात अंडी, पाव, ट्यूनाचे डबे आणि कांदे मिळाले. आम्ही आठ अंडी, चार बटाटे आणि मेतकूट यांचा जो काही प्रकार केला त्याला नाव नाही. एका दिवसाच्या विश्रांतीने अन्नाचा जो खड्डा पडला होता तो या दुकानाने भरला. हे गाव वाटेवर नसते तर कार्वाकोचाला थांबण्याचा निर्णय इतका सोपा राहिला नसता.

पुढच्या दोन खिंडी, तापुश आणि याउचा, दोन्ही ४,८०० मीटरच्या आसपास. वाय्यापाहून तापुशपर्यंत एका दिवसात बाराशे मीटर चढायचे असल्याने आदल्या रात्री मी थोडा धास्तावलो होतो. पण शरीर एव्हाना सरावले होते आणि तंबू पुन्हा माझ्या पिशवीत आला होता. याउचावरून हावाकोचा तळे दिसू लागले तेव्हा उतारावर लाल सालीच्या, कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या केन्युआल झाडांची राई लागली. आठ दिवसांत पाहिलेली पहिली खरी झाडे. आम्ही त्यांच्यात विनाकारण अर्धा तास बसलो.

हावाकोचाकाठी शेवटची रात्र. येरुपाहा आता पश्चिमेकडून दिसत होता, मावळतीच्या उन्हात. जेवण झाल्यावर पत्नीने कार्ड काढले. मी म्हटले, उद्या दुपारी बसमध्ये असू, आता कशाला? तिने प्रश्न विचारले, मी चारही वेळा शून्य म्हणालो आणि तिने हात पुढे केला. वाय्यापानंतर गोळ्यांची पट्टी पुन्हा माझ्याकडे आली होती; ती मी तिच्या हातावर ठेवली. तिने खळगे मोजले, रकान्यात शून्य लिहिले आणि मग मी तिला तेच चार प्रश्न विचारले, पाचवा नखाचा.

यामाकहून बस अकराच्या सुमारास सुटते, त्यामुळे पहाटे चारला विजेऱ्या लावून निघालो. पाम्पा यामाक ही शेवटची, सुमारे ४,३०० मीटरची खिंड उजाडताना ओलांडली आणि हजार मीटर खाली गाव दिसू लागले. नाक्यावर तोच म्हातारा होता. त्याने पावत्या एकेक करून पाहिल्या, आमच्या मागे वाकून पाहिले आणि काही विचारण्याआधीच हसू लागला. बस यायला तासभर होता. पिशवीच्या तळाशी उरलेला मूठभर सातू आम्ही नळाच्या पाण्यात कालवला, गूळ संपला होता, तो तसाच खाल्ला.